तव्यापासून ताटापर्यंत: साताऱ्यातल्या एका मेसच्या हिवाळी नोंदी

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली, मुली परत आल्या. पोवई नाक्याजवळच्या आमच्या मेसला यंदा चाळीसेक मुली आहेत. पाटणच्या, दहिवडीच्या, जतच्या, महाबळेश्वरच्या, दोघीतिघी चिपळूणकडच्या. थंडीत दर वर्षी एकच चित्र दिसतं. मुलींची भूक वाढते आणि मेसचं जेवण मात्र उरतं. सातला लाटलेली चपाती साडेआठला ताटात येते, तोवर ती वातड झालेली असते. आमटी कोमट. मुली दोन घास खाऊन उठतात आणि दहा वाजता खोलीवर नूडल्सची पाकिटं फुटतात.

यंदा नोव्हेंबर ते जानेवारी अख्खा मेनू बदलायचा ठरवलाय. आपल्याकडे घरोघरी थंडीत जे शिजतं तेच करायचं: बाजरीची भाकरी, हुलगा म्हणजे कुळीथ, पावटा, वांगी, हरभऱ्याचा पाला, कधीतरी मटण. यातलं काहीच नवं नाही. पण हे पदार्थ चार-सहा माणसांच्या घरचे आहेत. चुलीपुढे बसून खायचे, करणारीनं वाढत जायचं आणि खाणाऱ्यानं मागत जायचं. चाळीस जणींना तसंच गरम कसं पोचवायचं, खरं काम तेच आहे. म्हणून ही वही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाजरी माण तालुक्यातून आणली. आक्कांच्या भावाच्या शेतातली, यंदाचीच, दाणा हिरवट राखाडी आणि टपोरा.

आक्का आमच्याकडे भाकरी करतात. हयात त्यात गेली आहे. पोतं उघडल्यावर त्यांनी पहिलं बजावलं, "काकू, एकदम दळून ठिवू नका. पीठ कडू हुतं." बरोबरच आहे. बाजरीत स्निग्धांश पाच टक्क्यांच्या आसपास असतो, गहू-ज्वारीपेक्षा बराच जास्त. दळताना तो मोकळा होतो, पिठातल्याच विकरांनी आणि हवेनं फुटतो आणि आठवडाभरात पिठाला खवट वास येऊ लागतो. अख्खा दाणा मात्र वर्षभर टिकतो. तेव्हा दर तिसऱ्या दिवशी गिरणीत जायचं, एका वेळी सात किलोच दळायचं. गिरणीवाल्या दादांना सांगून ठेवलंय की आधी गहू निघाला असेल तर पहिली मूठभर बाजरी वेगळी काढा.

ताज्या पिठाचा दुसरा फायदा विरीचा, म्हणजे पीठ धरून राहण्याचा. बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. भाकरी धरून राहते ती गरम पाण्यात पीठ थोडं शिजतं म्हणून, आणि तळहाताखाली रगडून मळलं जातं म्हणून. जुन्या पिठाची विरी गेली की थापताना कडेला चिरा पडतात आणि तव्यावर टाकताना भाकरी मोडते. आक्का एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळतात. सगळं एकदम मळून ठेवलं तर शेवटच्या भाकऱ्या फुगत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही तऱ्हा शेजारी शेजारी करून पाहिल्या. आक्कांचं खरं आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज हिशोब मांडला. माणशी दीड भाकरी धरली तर साठ भाकऱ्या. चांगल्या हाताला थापण्यापासून फुगवण्यापर्यंत एका तव्यावर दोन मिनिटं लागतात. दोन तवे, एकीकडे आक्का आणि एकीकडे मावशी, म्हणजे मिनिटाला एक भाकरी. साठ भाकऱ्यांना एक तास. आजवर हा तास आम्ही जेवणाच्या आधी घालवत होतो, सहा ते सात, आणि भाकऱ्या टोपल्यात रचत होतो. टोपल्यात खालची भाकरी वाफेनं ओली होते, वरची वाळते.

आता तो तास जेवणाच्या वेळेतच घालायचा. साडेसात ते साडेआठ, दहा-दहा मुलींच्या चार पंगती. दोन्ही शेगड्या स्वयंपाकघराच्या दारात आणल्या, दाराबाहेर बाक टाकलं. मुलगी ताट घेऊन येते, तव्यावरची भाकरी ताटात घेते, वर लोण्याचा नाहीतर तुपाचा गोळा. भाकरीचा पापुद्रा फुटून वाफ येते तोच तिचा पहिला घास.

पंगतींची यादी लावायला दोन दिवस वाद झाले. शास्त्र शाखेच्या मुलींची प्रात्यक्षिकं उशिरा सुटतात, त्यांना शेवटची पंगत. पाटणच्या दोघी पहाटे उठून अजिंक्यताऱ्यावर पळायला जातात, त्यांना पहिली.

२६ नोव्हेंबर, बुधवार, चंपाषष्ठी

चातुर्मासात ज्यांच्या घरी वांगी-कांदा बंद असतो, त्यांच्याकडे ते आजपासून सुरू होतं. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. निम्म्या मुलींचं कुलदैवत खंडोबा, त्याचं पाल गाव काही लांब नाही, त्यामुळे आज कुणी उपाशी राहणार नाही हे माहीत होतं.

भरीत गॅसवर करायचं नाही हे पक्कं होतं. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली, गोवऱ्या आणि तुरकाट्या पेटवून निखारा केला. वांगी कृष्णाकाठची, मोठी, फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची. प्रत्येकाला सुरीनं दोन टोचे दिले आणि लसणाची पाकळी आत खोचली. निखाऱ्यावर साल पूर्ण काळं होईस्तोवर आणि देठापाशी बोट रुतेल इतकं भाजलं की झाकून ठेवायचं, साल आपोआप सुटतं. मग पातीचा कांदा, हिरवी मिरची, दाण्याचं जाडसर कूट, कोथिंबीर, वरून कच्चं तेल. फोडणी नाही. फोडणी दिली की धुराचा वास मरतो, असं माझं ठाम मत आहे.

रोडगे आक्कांनी निखाऱ्यातच पुरले. जाड, तळहाताएवढे. राख झटकून, फोडून तुपात बुडवून वाढले. सगळं संपलं.

२ डिसेंबर, मंगळवार

शेंगोळी. या प्रकल्पातला माझा सगळ्यात लाडका पदार्थ आणि सगळ्यात अवघडही.

घरी करताना सोपं वाटतं. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, लसूण-जिऱ्याचं वाटण, तिखट, मीठ, हळद घालून घट्ट मळायचं. तेलाचा हात लावून पेन्सिलीएवढी वळी करायची आणि टोकं जुळवून कडी करायची. लसणाच्या सढळ फोडणीत पाणी उकळायचं आणि त्यात कड्या सोडायच्या. वीस-पंचवीस मिनिटं. परातीला चिकटलेलं पीठ पाण्यात कालवून शेवटी तेच रश्श्यात ओतायचं, त्यानं रस्सा दाटतो. वाडग्यात गरम गरम, वर कच्चं तेल, शेजारी बाजरीची भाकरी आणि कांदा. पावसाळी सर्दी असो, परीक्षेचा ताप असो, आमच्याकडे आजारी माणसाला उठवून बसवायला शेंगोळीच करतात.

चाळीस जणींच्या शेंगोळीत दोन अडचणी आल्या. पहिली वळायची. माणशी ८० ते ९० ग्रॅम पीठ धरलं तरी साडेतीन किलो पिठाच्या कड्या होतात, आणि ते दोन बायकांचं काम नाही. दुपारी चारला सुट्टी असलेल्या मुलींना बोलावलं. दहिवडीच्या मुलीचा हात इतका सराईत की आक्का बघतच राहिल्या. तिनं बाकीच्यांना शिकवलं: वळी दोन्ही तळहातांत नाही, एका तळहातानं पोळपाटावर वळायची, म्हणजे जाडी सारखी राहते. जाडी सारखी नसली की बारीक कडी विरघळते आणि जाडीच्या पोटात कच्चं पीठ राहतं.

दुसरी अडचण भांड्याची. उंच तपेल्यात वरच्या कड्यांचं वजन खालच्यांवर पडतं, त्या मोडतात आणि बुडाला लागतात. लग्नकार्यातली रुंद, उथळ पातेली आणली आणि एकाऐवजी तीन पातेल्यांत केलं. कड्या सोडताना पाणी खळखळतं हवं. एका वेळी मूठभरच सोडायच्या, पाण्याची उकळी मोडू द्यायची नाही. पहिली पाच मिनिटं डाव घालायचा नाही. वरचा थर धरला की मग हलकेच तळापासून हलवायचं.

हुलगा गरीब माणसाचं धान्य म्हणून ओळखला गेला. हलक्या माळरानावर, थोड्या पावसावर येतो, बैलाला शिजवून घालतात. शंभर ग्रॅम दाण्यात वीस ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात आणि लोहही चांगलं असतं. माण-खटावच्या मुलींना त्याची थोडी लाज वाटते, हे मला आज जाणवलं. "आमच्याकडं रोजच असतं, काकू," असं एकजण खालच्या आवाजात म्हणाली. चिपळूणच्या मुलीनं तिच्याकडूनच कृती लिहून घेतली, कारण तिच्या घरी कुळथाचं पिठलं होतं पण कड्या कुणी वळत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

भाकरीचं जमलं. आमटी मात्र शेवटच्या पंगतीपर्यंत कोमट होते. शेगडीवर मंद ठेवली तर आटते, खाली लागते आणि दोन्ही शेगड्या भाकरीला हव्या असतात.

सुतारमामांकडून जुन्या फळ्यांची पेटी करून घेतली. आत सहा बोटं जाडीचा भाताच्या पेंढ्याचा थर, मधोमध पातेलं बसेल एवढी जागा, वर जाड गोधडी आणि झाकण. उकळती आमटी झाकणासकट आत ठेवायची. आज साडेसहाला ठेवलेली पावट्याची आमटी साडेआठला थर्मामीटरनं पाहिली: ७८ अंश. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर राहिलं की नासण्याचीही भीती नाही. मुलींच्या तोंडून फुंकरीचा आवाज ऐकून फार बरं वाटलं.

या पेटीत अर्धकच्ची डाळही शिजून निघते, गॅस वाचतो. एक गोष्ट मात्र भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावली: वाघ्या घेवडा आधी पूर्ण उकळल्याशिवाय पेटीत ठेवायचा नाही. कोरेगावचा हा घेवडा, अंगावर वाघासारखे पट्टे, २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. थंडीत त्याची दाट आमटी करायची म्हणून मी मुद्दाम दहा किलो घेतलाय. तो राजम्याच्याच जातीचा. या दाण्यात कच्चेपणी एक विषारी प्रथिन असतं, त्यानं उलट्या-जुलाब होतात. ते नुसत्या मंद आचेवर मरत नाही. रात्रभर भिजवायचं, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळाखळा उकळायचं आणि मगच पुढे. आम्ही कुकरच्या शिट्ट्या काढून मग पेटीत ठेवतो.

महाबळेश्वरच्या मुलीला हे ऐकून तिच्या घरची गोष्ट आठवली. तिकडे कुकरशिवाय कडधान्य शिजतच नाही म्हणाली. साडेचार हजार फुटांवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात दाणा तासन्‌तास टणक राहतो. वेण्णा तलावाकाठी गवतावर दहिवर गोठतं त्या दिवसांत तिची आई म्हणे सकाळी सहालाच घेवडा चुलीवर चढवते.

११ डिसेंबर, गुरुवार

हरभऱ्याची भाजी आली. रोपं वीतभर झाली की शेंडे खुडतात, त्यानं फांद्या जास्त फुटतात आणि घाटेही वाढतात, म्हणजे भाजी खाणं पिकालाही मानवतं. पहाटे पानांवर जी आंब येते ती मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लाची. काही घरांत अजून पहाटे पिकावर ओलं फडकं फिरवून आंब पिळून ठेवतात, पोटदुखीवर.

धुतलं की ही आंबट चव जाते, म्हणून जुन्या बायका पाला धूत नाहीत. मेससाठी तसं करता येत नाही, म्हणून फवारणी न केलेल्या एकाच वावरातला घेतला, आणि पाण्यातून एकदाच काढून झटकला. बारीक चिरून, तुरीच्या डाळीबरोबर शिजवून, घोटून गरगटं केलं. फोडणीला लसूण ठेचून, लाल मिरच्या मोडून. भाकरी चुरून वर हे गरगटं ओतून, पुन्हा वरून लसणाचं गरम तेल. थोडा पाला सावलीत वाळवायला घातलाय.

१६ डिसेंबर, मंगळवार

धुंधुरमास लागला. सूर्य उगवायच्या सुमारास जेवायची रीत आहे: मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, लेकुरवाळी म्हणजे मिसळीची भाजी. कॉलेज साडेसातला. सव्वासहाला पानं मांडली. पहिल्या दिवशी निम्म्या मुली आल्या, गोधड्या पांघरूनच. अंगणातला थर्मामीटर ११ वर होता.

यातून संध्याकाळचं एक काम पुढे आलं. मुली सकाळी नीट जेवल्या की दुपारी डब्यावर भागतं आणि साडेपाचला भुकेजून येतात. त्या वेळी आजवर चहा-बिस्किटं होती. आता हुलग्याचं माडगं. हुलगा खमंग भाजून दळलेला, लिटरभर पाण्याला ६०-७० ग्रॅम पीठ, थंड पाण्यात आधी कालवून मग उकळत्या पाण्यात ओतायचं, नाहीतर गुठळ्या. गूळ, सुंठ, चिमूट मीठ, किसलेलं खोबरं. घोटभर नाही, वाटीभर प्यायचं.

चहा पूर्ण बंद केला नाही, फक्त जेवणाच्या मागेपुढे तासभर नाही असा नियम केला. चहातल्या टॅनिनमुळे धान्या-कडधान्यातलं लोह अंगी कमी लागतं, लिंबू-आवळ्यानं जास्त लागतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. बाजरी आणि हुलगा ताटात आणूनही वर चहा पाजायचा, तर काय उपयोग? म्हणून ताटात रोज लिंबाची फोड किंवा आवळ्याचा ठेचा.

२१ डिसेंबर, रविवार

मटण. महिन्यातून दोन रविवारच परवडतं.

इथे माझा भर रश्श्यापेक्षा आळणीवर, म्हणजे मटणाच्या बिनमसाल्याच्या पाण्यावर आहे. मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून, थोड्या तेलात परतून, वरच्या ताटलीत पाणी ठेवून मंद शिजवलं. ताटलीतलं तापलेलं पाणीच हळूहळू आत सोडायचं. नळीची हाडं आणि पाय खाटीकभाऊंकडून वेगळे घेतले, ते सकाळपासून दुसऱ्या पातेल्यात रटरटत होते. अडीच-तीन तासांनी वरचं आळणी काढून घेतलं आणि पेटीत ठेवलं. मुली आल्या आल्या ताटाआधी प्रत्येकीला वाटीभर आळणी, वर मिरपूड आणि कोथिंबीर. ओठांना चिकटतं इतकं दाट. खोकणाऱ्या दोघी दुसऱ्यांदा मागायला आल्या.

उरलेल्या मटणाचे दोन भाग: अर्धं सुकं, अर्ध्याचा रस्सा. कांदा-लसूण मसाला गेल्या उन्हाळ्यात कुटलेला. त्याला आता सात-आठ महिने झालेत, तिखटाची धार गेली आहे आणि लसूण मुरलाय. थंडीतला रस्सा मला म्हणूनच जास्त आवडतो.

न खाणाऱ्यांना अख्खा मसूर. कराड-इस्लामपूर पट्ट्यातल्या हायवेच्या हॉटेलांनी तो गाजवला, पण घरातही उत्तम होतो. सालासकट मसूर, कांदा तेलात तपकिरी होईपर्यंत, टोमॅटो, लसूण, हाच मसाला. शिजल्यावर तासभर पेटीत बसला तर दाटून येतो. मटण खाणाऱ्यांनीही त्यातला घेतला, आणि पुढच्या वेळी दुप्पट करावा लागणार.

२९ डिसेंबर, सोमवार

कराडकडच्या गुऱ्हाळातून काकवीचा डबा आला. १०५-१०६ अंशांना उतरवतात ती काकवी. गुळाला रस ११८ पर्यंत न्यावा लागतो. गरम भाकरी, तूप, काकवी. बाकी काही लिहायला नको.

५ जानेवारी २०२६, सोमवार

एक प्रश्न राहिला होता: उशिरा येणाऱ्या मुली. पाच-सहा जणी शिकवणीहून नऊला येतात. तोवर तवे उतरलेले, आक्का घरी गेलेल्या. त्यांच्यासाठी ठेवलेली भाकरी गार. पुन्हा तापवली की बाजरीची भाकरी दगडासारखी होते.

जतची मुलगी सुट्टीवरून परतताना आईनं दिलेल्या कडक भाकऱ्या घेऊन आली. तिकडे संक्रांतीच्या सुमाराला करतातच. कागदासारखी पातळ थापायची, तीळ लावायचे, तव्यावर भाजून मग मंद आचेवर पूर्ण कडक होऊ द्यायची. महिनाभर टिकते. तिच्याच डोक्यातून निघालं: ही मोडून वाडग्यात घालायची आणि पेटीतली उकळती आमटी वर ओतायची. भाकरी आमटी पिते, मऊ होते, पण लगदा होत नाही. वर कारळ्याची चटणी आणि कांदा.

तव्याची भाकरी त्यांना मिळत नाही, पण नऊ वाजता गरम काला मिळतो. आक्कांनी दोन दुपारी बसून कडक भाकऱ्यांचा डबा भरला. त्यांना स्वतःला पातळ थापायला आधी जमेना, त्यांचा हात जाड भाकरीचा. मुलीनं त्यांना काटवट सोडून कापडावर थापायला दाखवलं.

१३ जानेवारी, मंगळवार, भोगी

बऱ्याच मुली घरी गेल्या. लांबच्या पंधरा-वीस राहिल्या. भोगीची भाजी कितीही माणसांसाठी करा, निवडायला तेवढाच वेळ लागतो, कारण प्रत्येक जिन्नस वेगळा सोलायचा.

काल दुपारी मंडईत गेले. पावटा, वालघेवडा, सोलाणे म्हणजे ओला हरभरा, लाल गावठी गाजरं, काटेरी वांगी, ओले शेंगदाणे, बोरं. या दिवसात मंडईत हिरव्या रंगाच्या इतक्या छटा असतात की पिशवी भरून झाली तरी पाय निघत नाही. शिजवायचा क्रम महत्त्वाचा: दाणे आणि पावटा आधी, मग गाजर, मग घेवडा आणि सोलाणे, वांगी सगळ्यात शेवटी. बोरं उतरवताना घालायची, ती फुटली की भाजी तुरट होते. तीळ भाजून, कुटून, त्याचं तेल सुटेपर्यंत वाटून शेवटी घातले. तिळानं रस्सा पांढरट आणि जाड होतो. तिखट कमी, गुळाचा खडा, मसाला अगदी थोडा. या भाजीत प्रत्येक शेंगेची चव सुटी कळली पाहिजे. मसाला जास्त झाला की भोगी आणि रोजची मिक्स भाजी यात फरक राहत नाही.

तीळ लावलेली बाजरीची भाकरी आज सगळ्यांनी एकत्रच खाल्ली. पंगतींची यादी गुंडाळून ठेवली, माणसं कमी होती. आक्का तव्यापाशी, मुली त्यांच्याभोवती पाटांवर. भाकरी फुगली की जी जवळ असेल तिला. खिचडी, लोणी, कांद्याची पात. जतच्या आईनं एसटीच्या पार्सलनं शेंगापोळ्या पाठवल्या होत्या: भाजलेल्या दाण्याचं कूट आणि गूळ यांचं सारण, कागदी पातळ. तुपाबरोबर उद्याला दोन राहतील असं वाटलं होतं, राहिल्या नाहीत.

१८ जानेवारी, रविवार

खटावला आक्कांच्या नात्यातल्या वस्तीवर हुरडा. ज्या मुलींना येता आलं त्या आल्या. आगटीत गोवऱ्या, राखेत कणसं, भाजली की तळहातावर चोळून गरम दाणे. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. इथे तवा-ताटाचं अंतर उरतच नाही, आगटीतून थेट हातात. परतीच्या गाडीत सगळ्या झोपल्या.

२ फेब्रुवारी, सोमवार

रथसप्तमीनंतर दुपारचं ऊन तापायला लागलं. मुलींनी आपणहून भाकरीऐवजी ताक-भात मागायला सुरुवात केली आहे, म्हणजे बाजरीचे दिवस संपले. परवापासून ज्वारी.

जमा-खर्च असा: हुलगा संपला, बाजरी चार किलो शिल्लक, ती दळायची नाही, दाण्याचीच ठेवायची. वाघ्या घेवडा दोन किलो. खोल्यांवरच्या नूडल्सच्या पाकिटांबद्दल सफाईच्या ताईंना विचारलं. म्हणाल्या, थंडीभर कचऱ्याची बादली हलकी होती.

पुढच्या नोव्हेंबरसाठी आत्ताच लिहून ठेवते. दुसरी पेटी करायची, आळणीसाठी वेगळी. तिसरा तवा आणि तिसरा हात लागेल. मावशींच्या सुनेशी बोलणं झालंय. कडक भाकऱ्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच करून ठेवायच्या. हुलगा माणमधून थेट घ्यायचा, दहिवडीच्या मुलीच्या वडिलांनी यंदा दोन पोती राखून ठेवायचं कबूल केलंय. आणि सांगलीकडची ओली हळद आत्ताच मंडईत आली आहे, तिचं लिंबाच्या रसातलं लोणचं उद्या घालायचं, म्हणजे पुढच्या थंडीत पहिल्या भाकरीबरोबर वाढता येईल.